बुद्ध आपण चीनला दिला, मान्य, पण पुढे काय झालं ते कोण सांगणार?

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत भारत आणि चीनच्या जुन्या संबंधांवर जो लेख आलाय तो वाचला. लेख वाईट नाहीये. ह्युएनत्संग आला, पुलकेशीच्या राज्यातून गेला, इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं लिहून ठेवलं, हे सगळं त्यात आहे, आणि ते दर दोन-चार वर्षांनी आपल्याला कोणीतरी वाचायला देतंच, देऊ देत, कोणाला आवडत नाही स्वतःचं कौतुक. पण शेवटी "भारताने चीनला बुद्ध दिला" असं म्हणून लेख संपवलाय, जसं काही आपण पार्सल पाठवलं आणि त्यांनी सही करून ताब्यात घेतलं. म्हणून हे पत्र.

चीनमधल्या शिकलेल्या लोकांनी बुद्धाशी चांगलं सात-आठशे वर्षं भांडण केलंय हो. आणि ते भांडण आत्मा आहे की नाही, जग खरं की खोटं, एवढ्यावरच नव्हतं, त्यातला सगळ्यात तिखट भाग घराबद्दल होता. मुलगा आईबापाला सोडून गेला तर चालेल का, गेला तर त्यांचं कोण बघणार, गेल्यावर तो त्यांचं काय देणं लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे की चिनी तत्त्वज्ञान शिकायचं असेल तर हे भांडण शिकावं, आणि आम्ही कोकणातल्या लोकांनी तर ते आधी शिकावं, कारण आमच्या वाडीत निम्म्या घरांना गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूप असतं आणि उरलेल्या निम्म्यांत म्हातारी माणसं.

मी निवृत्त शिक्षिका आहे, मराठी आणि इतिहास शिकवला, चिनी भाषा मला येत नाही, जे वाचलं ते इंग्रजी भाषांतरांतून, काही वाचनालयातून, काही पीडीएफ काढून. तेव्हा पंडिताचं पत्र समजू नका.

आधी कन्फ्यूशियस. आपल्याकडे हा माणूस फक्त सुविचारात राहतो. तुमच्याच पेपरात खाली जो चौकोन असतो त्यात मध्यंतरी होतं, आवडीचं काम निवडा म्हणजे आयुष्यात एकही दिवस काम करावं लागणार नाही, आणि खाली कन्फ्यूशियस. हे वाक्य त्याच्या संवादांच्या पुस्तकात कुठेही नाही, वीस प्रकरणं आहेत, शोधून बघा. इ.स.पू. ५५१ ते ४७९ हा त्याचा काळ, लू नावाचं छोटं राज्य, आजच्या शांडोंग प्रांतातलं छुफू हे गाव. म्हणजे ढोबळमानाने बुद्धाच्याच काळातला, पण दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. चांगलं राज्य कसं करावं ते ऐकून घेणारा राजा शोधत हा बाबा वर्षानुवर्षं या राज्यातून त्या राज्यात फिरला, कोणी फारसं ऐकलं नाही, परत आला आणि शिकवत बसला. पुस्तकही त्याने लिहिलेलं नाही, शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी गोळा केलंय, म्हणून ते फार तुटक आहे, मधूनच एखादं वाक्य येतं आणि संपतं. पण त्यामुळेच माणूस दिसतो. तबेला जळाला तर माणसं वाचली का एवढंच विचारलं, घोड्यांचं विचारलं नाही. जेवणात आलं लागायचंच. मांस नीट कापलेलं नसेल तर हात लावायचा नाही. दारूला माप नव्हतं, पण तोल जाईपर्यंत घ्यायचा नाही (आमच्याकडच्या काही मंडळींना यातला अर्धाच भाग पाठ होईल).

त्यातलं एक वाक्य मी चाकरमान्यांना नेहमी सांगते. आईबाप हयात असताना लांब जाऊ नये, आणि गेलात तर कुठे आहात ते ठरलेलं असावं. बघा, जाऊच नका असं म्हणून थांबला नाही, अडीच हजार वर्षांपूर्वीही पोरं लांब जातच होती हे त्याला माहीत होतं. निदान ठावठिकाणा असू दे म्हणतो.

दुसरा प्रसंग जास्त महत्त्वाचा, त्यावर थोडं थांबते. त्या काळात आईबाप गेले की तीन वर्षं दुःख पाळायची रीत होती, साधे कपडे, साधं जेवण, गाणंबजावणं बंद. त्साय वो नावाचा त्याचा शिष्य होता, हुशार आणि जरा वाकड्यात शिरणारा, वर्गात असा एक असतोच. तो म्हणाला तीन वर्षं फार होतात, एक वर्ष पुरे, इतके दिवस सगळं बंद ठेवलं तर संगीत बुडेल, रीतिभाती विसरतील, आणि जुनं धान्य संपून नवं येतं ते एका वर्षातच ना. कन्फ्यूशियसने त्याला पाप लागेल म्हणून सांगितलं नाही, पितर कोपतील म्हणूनही नाही. एकच विचारलं, वर्षानंतर चांगला तांदूळ खाताना, भारी कपडा घालताना तुला बरं वाटेल? तो म्हणाला हो, वाटेल. मग म्हणाला, वाटत असेल तर कर. आणि तो बाहेर गेल्यावर बाकीच्यांना म्हणाला की मूल जन्मल्यावर तीन वर्षांनी आईबापाच्या कडेवरून उतरतं, याला नव्हती का मिळाली ती तीन वर्षं?

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून होते. हल्ली आमच्याकडे दहावं, बारावं, तेरावं एकाच दिवशी उरकून घेतात, कारण रजा चार दिवसांची आणि परतीचं रिझर्व्हेशन आधीच काढलेलं. मी दोष देत नाहीये, प्रायव्हेट नोकरीत तेरा दिवस रजा कोण देतो. पण भटजीला विचारतो आपण, चालेल का म्हणून, आणि भटजी बिचारे म्हणतात चालेल. कन्फ्यूशियस भटजीला विचारू देत नाही, तुला बरं वाटेल का ते तू सांग म्हणतो. हे तीन वर्षांपेक्षा जड आहे.

तिसरं म्हणजे त्याने एकदा म्हटलं, हल्ली लोक आईबापाला जेवायला घातलं की झालं समजतात, पण खायला तर कुत्र्याला आणि घोड्यालाही घालतात, आदर नसेल तर फरक काय राहिला. आमच्या शेजारच्या काकींचा मुलगा दर महिन्याला न चुकता पैसे पाठवतो, त्याला नावं ठेवायला जागा नाही. काकी परवा मागीलदारी नारळ सोलत होत्या, म्हणाल्या, "झील पैसे धाडता, कमी काय नाय बाई, पण बसान दोन शब्द बोलाक कोण नाय." कन्फ्यूशियस त्यांनी वाचलेला नाही, वाचायची गरजही नाही.

आता गंमत बघा. आपल्याकडे २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, मुलं बघत नसतील तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. म्हणजे खायला घालण्याचा कायदा. चीनने आपला ज्येष्ठांचा कायदा बदलला आणि १ जुलै २०१३ पासून त्यात लिहिलंय की वेगळं राहणाऱ्या घरच्यांनी म्हाताऱ्या माणसांना वरचेवर भेटायला जावं किंवा विचारपूस करावी. आता भेट कोर्टात कशी मोजणार, वरचेवर म्हणजे किती, याच्यावर तिकडेही लोक हसले असणार. पण कायदा करणाऱ्याच्या डोक्यात हे आलंच कुठून, तर अडीच हजार वर्षं हेच घोकलेलं आहे म्हणून. आणि हाच देश १९६६ साली छुफूला कन्फ्यूशियसच्या थडग्याची तोडफोड करत होता हेही खरं. त्यांचं त्यांच्या जुन्याशी नातं आपल्यासारखंच आहे, मध्येच डोक्यावर, मध्येच पायाखाली.

तर अशा देशात बुद्ध गेला. साधारण पहिल्या शतकात सुरुवात. आणि "आपण दिला" यातही एक गडबड आहे. चीनच्या तेव्हाच्या राजधानीत, लोयांगमध्ये, १४८ च्या सुमारास येऊन भाषांतरं करायला बसलेला आन शिगाओ हा पार्थियाचा, म्हणजे इराणकडचा. सगळ्यात गाजलेला भाषांतरकार कुमारजीव, त्याचा बाप भारतातून गेलेला पण आई मध्य आशियातल्या कुचाच्या राजघराण्यातली, आणि तो ४०१ साली चांगआनला पोचला तो आधी कित्येक वर्षं एका सरदाराच्या ताब्यात काढून. हे मधले लोक आपल्या लेखांत कधी नसतात.

तिकडच्या लोकांनी पहिला सवाल केला तो केसांचा. त्यांच्याकडे मातृपितृभक्तीचं एक छोटं पुस्तक होतं, मुलांना पाठच असायचं, त्यात सुरुवातीलाच म्हटलंय की हे शरीर, केस, कातडी आईबापांनी दिलेली आहे, तिला इजा करू नये. आणि हे भिक्षू डोकं तासतात! दुसरा सवाल, लग्न करत नाहीत. कन्फ्यूशियसच्याच परंपरेतल्या मेन्शियस या विचारवंताने स्पष्ट सांगितलेलं, मुलाच्या हातून आईबापाविरुद्ध होणारे तीन अपराध आहेत आणि वंश न चालवणं हा सगळ्यात मोठा, कारण मग पितरांना अन्न कोण ठेवणार. तिसरा, हे लोक राजापुढेही वाकत नाहीत. यावर तर ४०४ साली हुइयुआन नावाच्या भिक्षूने अख्खा निबंध लिहिला की भिक्षू राजाला नमस्कार का करत नाही.

या आक्षेपांना उत्तर देणारं मोउत्झूच्या नावाचं एक जुनं प्रश्नोत्तरांचं पुस्तक आहे, त्यातलं एक उत्तर आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच कळेल. काही लोक होडीतून नदी ओलांडत होते, बाप पाण्यात पडला. मुलांनी त्याला ओढून वर घेतला, डोकं खाली पाय वर करून धरला, तोंडातून पाणी काढलं आणि बाप जगला. आता बापाला उलटा टांगणं याच्यासारखा उद्धटपणा नाही, पण हात जोडून उभे राहिले असते तर बाप मेला असता (आता डॉक्टर असं उलटं करू नका म्हणतात, ते वेगळं). म्हणजे भिक्षूचं वागणं वरून उद्धट दिसतं, आतून तो आईबापाचं भलंच करत असतो.

उत्तर हुशार आहे. पण मला ते पूर्ण पटलेलं नाही. होडीतल्या बापाला मुलांनी लगेच वाचवलं, त्याच्या अंगावर हात होते त्यांचे. भिक्षूचा बाप घरी बसलाय, त्याला आज रात्रीच्या पेजेचं काय ते हवंय, आणि मुलगा सांगतो की मी सगळ्या जिवांच्या मुक्तीचं बघतोय त्यात तुम्हीही आलात. हे आम्ही मुंबईहून ऐकलंय, फक्त मुक्तीच्या जागी फ्लॅटचे हप्ते.

पण मग बायकांचं काय हे बघायला लागले आणि माझंच मत डळमळलं. कन्फ्यूशियसचं बायकांबद्दल एक वाक्य आहे, बायका आणि हलकी माणसं यांच्याशी वागणं कठीण, जवळ केलं तर डोक्यावर बसतात, लांब ठेवलं तर कुरकुरतात. त्याचे चाहते या वाक्याचे हजार अर्थ लावतात, लावू देत. बाईने बापाचं, नवऱ्याचं, मग मुलाचं ऐकायचं हा नियम तिकडेही होता, मनुस्मृतीत आहे तसाच. आणि आईबापाची सेवा मुलाने करायची असं पुस्तकात लिहिलं तरी प्रत्यक्षात कोण करतं? सून. शेक देते सून, पथ्य बघते सून, रात्री उठते सून, आणि श्रावणबाळ म्हणून नाव मुलाचं होतं. अडीच हजार वर्षांच्या त्या सगळ्या चर्चेत सुनेला कोणी तुला बरं वाटतं का असं विचारल्याचं मला तरी सापडलं नाही.

म्हणून भिक्षुणींची चरित्रं वाचावीत. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बाओचांग नावाच्या भिक्षूने पासष्ट भिक्षुणींची चरित्रं एकत्र केली, इतक्या जुन्या काळात बायकांच्या आयुष्यांचं असं पुस्तक म्हणजे काय चीज आहे बघा. त्यात चौथ्या शतकातली आन लिंगशौ आहे. तिला लग्न करायचं नव्हतं. बाप म्हणाला, मुलीच्या जातीला लग्न करावंच लागतं, असं कसं चालेल. ती म्हणाली, मला माझं मन साधनेत घालायचंय, स्वतःत काही कमी नाही, मग तीन वेळा कोणाच्या तरी ताब्यात गेले तरच मी नीट वागणारी ठरते असं का? बाप म्हणाला, तू फक्त स्वतःचं बघतेस, आईबापाचं काय? ती म्हणाली, मी सगळ्या जिवांना सोडवायला निघालेय, त्यात तुम्ही दोघं नाही का? तेच मोउत्झूचं उत्तर! मुलाच्या तोंडी मला ते पळवाट वाटलं आणि हिच्या तोंडी वाटलं नाही. का ते मी अजून विचार करतेय. मुलाला घर सोडल्याशिवायही जगता येत होतं, हिला येत नव्हतं, असं काहीतरी असावं.

आणि हा धागा तुटला नाही. ४३० च्या दशकात सिंहलद्वीपाहून भिक्षुणी जहाजाने चीनला गेल्या आणि तिथल्या बायकांना रीतसर दीक्षा दिली. पुढे श्रीलंकेतली भिक्षुणींची परंपरा संपली, चीनकडची टिकली, आणि १९९८ साली बोधगयेला तैवानच्या एका विहाराच्या पुढाकाराने जी दीक्षा झाली त्यात श्रीलंकेच्या बायका त्याच चिनी परंपरेतून परत भिक्षुणी झाल्या. देणं एका बाजूचंच असतं असं समजणाऱ्यांनी हे वाचावं.

हळूहळू चिनी बौद्धांनी घराचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन, त्याला ते मुलियान म्हणतात. आई मेल्यावर प्रेतयोनीत उपाशी आहे हे त्याला दिसलं, भाताचा घास दिला तर तोंडात जायच्या आधी निखारा व्हायचा. बुद्धाने सांगितलं, सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला सगळ्या संघाला अन्नदान कर, म्हणजे आई सुटेल. झालं, भिक्षू होऊनही आईला सोडवता येतं हे लोकांना कळलं, आणि हा सण चीनमध्ये घराघरात गेला, अजून आहे, त्या रात्री पाण्यात दिवे सोडतात. मी कॅलेंडर जुळवून बघितलं, ही पौर्णिमा बऱ्याच वर्षी आपल्या नारळी पौर्णिमेला नाहीतर एक दिवस मागेपुढे येते. अधिक महिन्याचं गणित जुळलं नाही तर एक महिना पुढे सरकते आणि मग येते थेट म्हाळाच्या तोंडावर. आपण सोन्याचा नारळ म्हणून दर्याला देतो त्या संध्याकाळी तिकडे उपाशी पितरांसाठी दिवे.

पण भांडण मिटलं नव्हतं बरं का. ८१९ साली राजा बुद्धाचं अस्थिशेष वाजतगाजत राजवाड्यात आणतोय म्हणून हान यू या अधिकाऱ्याने त्याला कडक पत्र लिहिलं, की हा परक्या देशातला माणूस, आपल्या राजांचे नियम त्याला माहीत नाहीत, बापलेकाचं नातं त्याला माहीत नाही, आणि हे सडकं हाड घरात कशाला. राजा एवढा भडकला की जीवच जायचा, मध्यस्थी झाली म्हणून दूर दक्षिणेला चाओचौला बदलीवर निभावलं. तिथे नदीत मगरी फार. हान यूने काय करावं, एक डुक्कर आणि एक मेंढी नदीत टाकून मगरींना जाहीर नोटीस वाचून दाखवली की सात दिवसांच्या आत समुद्राकडे निघून जा, नाहीतर धनुष्यबाणवाले आणतो. ते पत्रक अजून चिनी साहित्यात वाचतात. आमच्या चिपळूणला पावसाळ्यात वाशिष्ठीच्या मगरी रस्त्यावर येतात तेव्हा मला या माणसाची आठवण येते, इथल्या कुठल्या अधिकाऱ्याला एवढं चांगलं गद्य येतं?

मग ८४५ ला तर कहर झाला. राजाने चार हजार सहाशेवर विहार पाडले, दोन लाख साठ हजारांवर भिक्षू-भिक्षुणींना संसारी माणूस करून कर भरायला लावलं, काशाच्या घंटा वितळवून नाणी पाडली. विचारांचं भांडण कमी आणि तिजोरीचं जास्त. पुढच्या राजाने वर्षभरात मागे घेतलं, पण बसायचा तो फटका बसलाच. पुढे बाराव्या शतकात चू शी आला, त्याने कन्फ्यूशियसचं सगळं नव्याने मांडलं, बौद्धांवर टीका केली आणि बौद्धांचाच दृष्टांत वापरला की आकाशातला चंद्र एक, पण प्रत्येक नदीत पूर्ण दिसतो. कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवरची त्याची भाष्यं घोकूनच पुढे १९०५ पर्यंत सरकारी परीक्षा होत राहिल्या. भांडता भांडता एकमेकांचं कसं अंगी लागतं ते बघायचं तर हे बघा.

आता आमच्याकडचं. गेल्या वर्षावासात, म्हणजे बौद्धांच्या पावसाळ्यातल्या व्रताच्या काळात, आमच्या इथल्या विहारात बोलायला बोलावलं होतं, बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन चालू असतं तेव्हा मधल्या एका रविवारी. मी कन्फ्यूशियसची मेंढीची गोष्ट सांगितली. एक सरदार फुशारकी मारतो की आमच्याकडे माणसं इतकी सरळ की बापाने मेंढी चोरली तर मुलगा साक्ष देतो. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडे सरळ माणसं वेगळी असतात, बाप मुलाचं झाकतो आणि मुलगा बापाचं, सरळपणा त्यातच असतो. मी म्हटलं, मेंढी सोडा, समजा बाप रात्री खाडीतली वाळू काढतो आणि मुलगा तलाठी आहे. झालं! पाऊस पत्र्यावर कोसळत होता आणि आत त्याहून मोठा आवाज. एक आजोबा म्हणाले, "बापाशीक कोण पोलिसात देता काय?" कॉलेजातली एक मुलगी उभी राहिली, म्हणाली मग आपल्याच माणसांनी आपलं झाकायचं तर ज्यांची माणसं कचेरीत नाहीत त्यांनी काय करायचं, आमच्यावर अन्याय झाले ते असंच एकमेकांचं झाकून झाले ना? हॉलमध्ये एकदम शांतता. मी कन्फ्यूशियसचंच दुसरं वाक्य सांगितलं की आईबाप चुकत असतील तर हळू आवाजात सांगत राहावं, पण त्या मुलीचं त्यावर समाधान झालं नाही, आणि होऊही नये. तिच्या प्रश्नाला कन्फ्यूशियसकडे उत्तर कमी आहे, बुद्धाकडे जास्त आहे असं माझं मत. सिगालोवाद सुत्त नावाच्या त्याच्या उपदेशात आईबाप, शिक्षक, नोकर सगळ्यांशी कसं वागावं ते आहे, त्याची चिनीत एकाहून जास्त भाषांतरं झाली, एक तर आन शिगाओच्याच नावावर आहे, म्हणजे तिकडच्यांना नेमकं काय हवं होतं ते कळतं.

आणि घर सोडलं म्हणजे घर तुटलं असं आपल्या इथेही नव्हतं. राजपुरीच्या खाडीवर, मांदाडजवळ कुड्याची लेणी आहेत, सव्वीस. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली. तिथल्या एका शिलालेखात दान देणारी प्रव्रजिता, म्हणजे संसार सोडून संघात गेलेली बाई, आपलं नाव कोरून घेते आणि त्याच्यासोबत आपल्या आईचं नाव, तीही प्रव्रजिता, आणि आपल्या मामांची नावं, ते थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू. संसार सोडलेली बाई दगडावर आईचं नाव घालून ठेवते! कान्हेरीलाही आईबापांच्या नावाने पुण्य लावलेली दानं आहेत. चीनचे लोक जो आरोप करत होते की बुद्धाच्या लोकांना आईबाप नसतात, त्याला उत्तर आमच्या खाडीवर आधीच कोरलेलं होतं. आपण तिथे जाऊन सेल्फी काढतो आणि वडापाव खाऊन येतो.

हे शिकायला माणसं नव्हती असंही नाही. धर्मानंद कोसंबी आमच्या शेजारच्या गोव्यातल्या साखवाळचे, १८९९ च्या शेवटी बायको आणि तान्ही मुलगी घरी ठेवून बुद्धाच्या शोधात निघाले, १९०२ ला सिलोनला दीक्षा घेतली, नंतर परत संसारात आले, फर्ग्युसनला पाली शिकवलं, हार्वर्डला गेले. घर सोडण्याचा हा प्रश्न त्यांच्यापेक्षा जास्त कोणी भोगला असेल? त्यांच्याच हाताखाली शिकलेले पु. वि. बापट चिनीपर्यंत पोचले. विमुत्तिमग्ग हा बौद्ध साधनेवरचा ग्रंथ मूळ पालीत हरवलाय, चिनी भाषांतरात शिल्लक आहे, त्याची विसुद्धिमग्ग या त्याच विषयावरच्या पाली ग्रंथाशी तुलना त्यांनी १९३७ साली छापली. त्याच वर्षी तिकडे शांतिनिकेतनात चिनी अभ्यासासाठी चीनभवन सुरू झालं. पुढे १९७० ला एका जपानी अभ्यासकाबरोबर बापटांनी विनयावरचं, म्हणजे भिक्षूंच्या नियमांवरचं, चिनी भाष्य इंग्रजीत आणलं, ते पुण्यातच भांडारकर संस्थेने काढलं. म्हणजे मराठी माणूस चिनीतून बुद्ध वाचत होता. आज आमच्या मुलांना चिनी म्हटलं की मोबाइल आणि मंच्युरियन.

कोणी म्हणेल सीमेवर काय चाललंय आणि बाई कन्फ्यूशियस घेऊन बसल्या. ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्या घरात लहानपणी काय शिकवतात ते तरी माहीत असावं की नाही.

मागणी फार मोठी नाही. कोकणातल्या ज्या कॉलेजात तत्त्वज्ञान अजून शिल्लक आहे तिथे भारतीय आणि पाश्चात्त्य याच्या जोडीला चिनी असा एक पेपर निदान ऐच्छिक म्हणून ठेवावा, आणि तो ठेवताना कन्फ्यूशियस वेगळा, बौद्ध वेगळे असे डबे न करता हे भांडणच शिकवावं, पोरं झोपणार नाहीत याची खात्री मी देते. मूळ चिनीतून मराठीत आणण्याचं काम विद्यापीठाने कोणाला तरी पगार देऊन करवून घ्यावं, फुकटात भाषांतर मिळत नाही आणि मिळालं तर ते वाचवत नाही. वर्षावासाच्या कार्यक्रमात भिक्षुणींच्या चरित्रांना एक रविवार द्यावा, मी यायला तयार आहे, फक्त पावसात शेवटची एसटी चुकणार नाही अशी वेळ ठेवा. आणि तुम्ही सुविचाराखाली कन्फ्यूशियस लिहाल तेव्हा प्रकरणाचा नंबर लिहा, नंबर सापडला नाही तर वाक्य छापू नका.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागा नसेल तर मगरींचा भाग कापा, भिक्षुणींचा कापू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. मालवण